हिंजवडी की सांगली? सॉफ्टवेअरमधली पहिली नोकरी कुठे घ्यावी

सांगलीचं वालचंद किंवा साखराळ्याचं आरआयटी, या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांपुढे सध्या हाच पेच आहे: पुण्याजवळच्या हिंजवडीतली मोठी आयटी कंपनी, की सांगली-मिरजेतली दहा-पंधरा जणांची फर्म? मी दोन्हीकडे काम केलंय आणि आता सांगलीत आहे. माझं पारडं थोडं इकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

पगारात पुणं सरळ पुढे. मी इथे आलो तेव्हा माझा जवळजवळ निम्म्यावर आला. खोलीभाडं, मेस आणि गावी येण्याजाण्याचा खर्च वजा केला तरी तफावत उरतेच. शिवाय आमचं गिऱ्हाईक असलेल्या साखर कारखान्याकडचं बिल अडकलं की आमचा पगारही लांबतो. घरावर कर्ज असेल तर पुण्यालाच जा. महापुराचंही लक्षात ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं. ऑफिस नदीकडच्या भागात असेल तर डेटाचा बॅकअप कुठे ठेवता, हे मुलाखतीतच विचारा.

हिंजवडीतल्या वाहतुकीची सवय होते. मला तिथे शेवटपर्यंत खुपलं ते तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची सिस्टिममधली नोंद. 'रिपोर्ट उघडत नाही', एवढी एक ओळ यायची. रिपोर्ट कुणाला हवाय, तो नसल्यानं काय अडलंय, काही कळायचं नाही. विचारायला जावं तर मध्ये तीन माणसं, आणि उत्तर येईपर्यंत मुदत संपत आलेली. दुरुस्ती करायची, तिकीट बंद करायचं, पुढचं उघडायचं. माझ्या वाट्याचा कोड मला तोंडपाठ होता, पण ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांचा धंदा कसा चालतो, हे मला धड सांगता आलं नसतं.

इथे गळीत हंगामात वजनकाट्यावरून फोन येतो, 'साहेब, पावती निघंना, ट्रॅक्टरची रांग लागलीय.' जाऊन बघावं तर उसाची नोंद एका गटाची आणि ऊस आलेला दुसऱ्या गटातला. कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. नोंद बदलायची की नियम, हे शेतकी खात्याच्या माणसाजवळ बसूनच ठरतं. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा, मिरजेतल्या हॉस्पिटलांची बिलं, कुपवाडच्या फाउंड्रीतले हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याचा क्रमांक), प्रत्येक ठिकाणी अशा गाठी आहेत, आणि त्या तिकिटाच्या एका ओळीत मावत नाहीत.

मला वाटतं, पुढची दहा वर्षं याच फरकावर ठरतील. एका ओळीवरून कोड दुरुस्त करणं एआयला आत्ताच बऱ्यापैकी जमू लागलंय. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे बारा हजार जण कमी करण्याचं जाहीर केलं. झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होती. कारण एकटं एआय नसेलही, पण मोठ्या कंपनीत वर चढलं की निर्धास्त, हा भरवसा आता धरता येत नाही.

सांगलीची खरी उणीव म्हणजे तुमचा कोड वाचून चुका दाखवणारा ज्येष्ठ माणूस इथे सहसा नसतो. ती शिस्त पुण्यात लागते, म्हणून आधी दोनेक वर्षं तिकडे काढायला माझी ना नाही. फक्त काम तिकिटांचं आहे की नव्यानं बांधायचं, एवढं रुजू होण्याआधी विचारून घ्या. आणि अजून शिकत असाल तर दिवाळीच्या सुमारास काटे सुरू होतात, तेव्हा इथल्या एखाद्या फर्मकडे हंगामापुरती इंटर्नशिप मागा. काट्यावर बसवणार असतील तर पैसे थोडे कमी मिळाले तरी घ्या.