केईएक्सपी ९०.३, सिएटल : रॉकवाल्यांनी एकदा तरी लावून बघाच

अ‍ॅपवर तीच तीच गाणी फिरून फिरून वीट आला असेल तर हे रेडिओ स्टेशन लावा. अमेरिकेतल्या सिएटलचं आहे पण नेटवर इथूनही फुकट लागतं, जाहिरात एकही नाही आणि कुठलं गाणं वाजवायचं ते समोर बसलेला डीजे ठरवतो, कॉम्प्युटर नाही.

हिस्टरी तर कसली भारी आहे. १९७२ मध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या पोरांनी १० वॉटचं स्टेशन काढलं, तेव्हा नाव केसीएमयू. ऐंशीच्या दशकात तिथे माइकवर कोण कोण बसायचं बघा, साउंडगार्डन बँडचा गिटारवाला किम थायिल (हो, आईवडील केरळचे), शिवाय सब पॉप या रेकॉर्ड कंपनीवाले ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन दोघंही. कर्ट कोबेनने आपल्या निर्वाणा बँडचं पहिलं सिंगल स्वतः स्टेशनवर नेऊन दिलं, मग गाडीत रेडिओ लावून बसला, गाणं काही लागेना, शेवटी पठ्ठ्याने पेफोनवरून स्वतःच फर्माईश केली असं सांगतात. रेडिओवरच्या फर्माईशींसाठी गाजलेल्या झुमरीतलैय्याची आठवण आली ना!

मला मात्र १९९२ चा राडा जास्त आवडतो. मॅनेजमेंटने व्हॉलंटियर डीजेंना बाजूला सारून बाहेरचे तयार कार्यक्रम आणले, वर स्टेशनवर टीका करायची नाही असा नियम. श्रोते असले भडकले की देणग्याच बंद, प्रकरण कोर्टात गेलं आणि तो नियम काही टिकला नाही. ज्याच्या पैशावर रेडिओ चालतो त्याचं ऐकावंच लागतं.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल अ‍ॅलनची साथ मिळाली आणि नाव केईएक्सपी झालं. २०१६ पासून मुक्काम सिएटल सेंटरला. सिएटलजवळ रेडमंड-बेलव्ह्यूला लेकाकडे जाणारे आईबाबा पण जाऊ शकतात, स्पेस नीडल टॉवरपासून चालत जाण्यासारखं आहे, तिकीट नाही, कॉफी प्या, रेकॉर्डचं दुकान बघा, काचेपलीकडे डीजे काम करताना दिसतो.

फक्त क्लासिक रॉकच हवं असेल तर नादी लागू नका, गिटारच्या मागोमाग आफ्रिकन नाहीतर हिप-हॉप येतं, आणि देणगी मोहीम सुरू असली की बडबड जास्त. यूट्यूबवरची लाइव्ह सेशन्स तर बहुतेकांनी बघितली असतीलच. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, पण चुकलं तरी मागच्या दोन आठवड्यांचे शो साइटवर ऐकता येतात.