बाटली फिरवून मागचा पत्ता वाचा

ठाण्याच्या गोखले रोडवर शनिवारी संध्याकाळी वाईन शॉपसमोर लेबल वाचत उभं राहिलात तर मागचे लोक शिव्या घालणारच. तरी काउंटरवरच्या पोराला ‘भाऊ, जरा बाटली फिरव’ एवढं म्हणाच. पुढे किल्ले, हरणं, सोनेरी अक्षरं. व्हिस्की कुठे गाळली नि कुठे भरली हे मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत.

सोसायटीतल्या मित्राला सासऱ्यांच्या साठीला व्हिस्की न्यायची होती. त्याचा प्रश्न, स्कॉच की भारतीय?

नेहमीचे भारतीय ब्लेंड, म्हणजे मिश्र व्हिस्की, आधी बाजूला काढू. बहुतेकांत मुख्य ऐवज मळीचं किंवा धान्याचं स्पिरिट, त्यात थोडा माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की. ‘इम्पोर्टेड स्कॉच माल्ट’ असं लिहितात, पण किती ते बहुधा लिहीत नाहीत. मळीपासूनच्या दारूला युरोपीय संघात व्हिस्की म्हणताच येत नाही. सोडा, चकली आणि क्रिकेटची मॅच असेल तर माझी काही तक्रार नाही. साठीला मात्र नको. इथे पत्त्याचा संबंध थेट खिशाशीही आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा प्रकार आणला: धान्यापासूनची, राज्यातल्याच उत्पादकांची. १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये ठरली, तर भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची, ज्यात हे ब्लेंड येतात, २०५.

खरी चुरस पुढच्या दोघांत: भारतात भरलेली स्कॉच आणि भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत निव्वळ माल्टपासून केलेली.

टीचर्स, व्हॅट ६९, १०० पायपर्स या स्कॉचवर ‘बॉटल्ड इन इंडिया’ दिसलं की लोक नाक मुरडतात. उगाच! ही दारू स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपांत मुरलेली असते. इथे घाऊक येते, पाणी घालून ठरलेल्या तीव्रतेला आणतात, बाटलीत भरतात. त्यामुळे तिकडे भरलेल्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. फक्त एक लक्षात ठेवा. सिंगल माल्ट स्कॉच २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. ‘सिंगल माल्ट स्कॉच’ आणि ‘भारतात भरलेली’ हे एकाच लेबलावर दिसलं तर दुकान बदला.

भारतीय सिंगल माल्टचा पत्ता सरळ असतो: अमृत बेंगळुरूची, पॉल जॉन गोव्याची, इंद्री हरियाणातल्या त्याच नावाच्या गावची. यांच्यावर बऱ्याचदा वय, म्हणजे किती वर्षं पिंपात मुरली ते, नसतं, म्हणून सासरे भुवया उंचावतील. कारण हवेत आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते, आपल्या उकाड्यात दहा-बारा टक्के. दारू लवकर मुरते, आणि बारा वर्षं थांबलं तर पिंपात फारसं उरत नाही. चार-पाच वर्षांची अमृत म्हणूनच कच्ची लागत नाही. ‘अमृत’ची सिंगल माल्ट तर २००४ मध्ये आधी ग्लासगोत विकायला गेली, मग इकडे आली.

सासरे बर्फ-सोडा घालून घेणारे असतील तर भारतात भरलेली स्कॉच पुरे. दोन थेंब पाणी टाकून वास घेत बसणारे असतील, तर मी अमृत नेईन.

कोणी गोव्याहून ‘स्वस्तात आणतो’ म्हणालं तर त्या बाटलीचाही मागचा भाग बघा. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं असलं आणि परवाना नसला, तर ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. गोव्याच्या सीमेजवळच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात ती त्यासाठीच.