मॉर्फिनची गोळी की फेंटॅनिलचा पॅच?

पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या दुखण्यावर, रुग्णाला गिळता येत असेल तर सुरुवात गोळीनेच करावी. साधी मॉर्फिनची गोळी साधारण अर्ध्या तासात लागू पडते आणि चार तास टिकते. म्हणून ती घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट पाहत बसायचं नाही. मध्येच कळ उठली तर दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग जादा, म्हणजे दिवसाला 60 मिलिग्रॅम चालू असेल तर 10. बद्धकोष्ठता होणारच, तेव्हा रेचक पहिल्याच दिवसापासून हवं. इथेच घरचे चुकतात, आणि मग पोट फुगलं म्हणून मॉर्फिनच बंद केलं जातं.

फेंटॅनिल हे मॉर्फिनच्याच जातीचं वेदनाशामक; त्याचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, तीन दिवस चालतो. तोंडात जखमा, सततच्या उलट्या, किडनी थकलेली, तर तोच बरा. पण आधी मॉर्फिन न घेतलेल्याला तो धोक्याचा: तासाला 25 मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच म्हणजे दिवसाला 60 ते 90 मिलिग्रॅम मॉर्फिन. दुखणं रोज कमीजास्त होत असेल तरी नको. असर यायला 12 ते 24 तास लागतात, म्हणून पहिले 12 तास गोळ्या चालूच ठेवतात. जागा नुसत्या पाण्याने धुऊन कोरडी करा, केस कात्रीने कापा, पॅच तळहाताने 30 सेकंद दाबा. शेक किंवा ताप असेल तर औषध भराभर आत जातं. रुग्ण गुंगीत गेला, श्वास मंदावला, तर पॅच लगेच काढून डॉक्टरांना बोलवा. काढल्यावरही असर कित्येक तास उतरत नाही.