मेटाट्रेडर ५ : उलट चालणाऱ्या चलनजोड्यांच्या हेजसाठी कितपत कामाचं?

युरो/डॉलर आणि डॉलर/फ्रँक (स्विस फ्रँक) या जोड्या बहुतेक काळ एकमेकींच्या उलट चालतात, कारण डॉलर एकीत दुसऱ्या जागी आहे आणि दुसरीत पहिल्या. म्हणून युरो/डॉलरची खरेदी सांभाळायला डॉलर/फ्रँकचीही खरेदी करतात. एका सौद्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्याने भरून काढायचा, यालाच हेज म्हणतात. मेटाट्रेडर ५ या चलनांचे सौदे करायच्या सॉफ्टवेअरवर हे काम किती नीट होतं, तेवढंच इथे पाहू.

पहिली उणीव लगेच जाणवते: सहसंबंधाचा (दोन भाव किती एकत्र किंवा उलट हलतात ते सांगणारा +१ ते −१ मधला आकडा) तयार तक्ता इथे नाही. कंट्रोल आणि यू दाबून सिम्बॉल्सची खिडकी उघडा, बार्स टॅबमधून दोन्ही जोड्यांच्या दैनंदिन कॅन्डल (दिवसाच्या भावांची नोंद) एक्स्पोर्ट करा आणि पुढचं स्प्रेडशीटमध्ये करा. सहसंबंध काढणारं कोरेल फंक्शन थेट भावांवर लावू नका. दोन्ही भाव महिनोन्‌महिने एकेका दिशेने सरकत असले की आकडा उगाच भक्कम दिसतो. आजचा बंद भाव भागिले कालचा, त्याचा लॉग, आणि त्या रोजच्या बदलांवर कोरेल. ६० आणि १२० दिवसांचे दोन्ही आकडे काढा. त्यांत मोठी तफावत असेल तर नातं बदलतंय. काही ब्रोकरांच्या सर्व्हरवर रविवारची काही तासांचीच कॅन्डल येते, ती दोन्हींकडून आधी काढून टाका.

आता −०.८५ हा सहसंबंध घ्या. दिसायला दणकट. पण योग्य प्रमाणात हेज करूनही उरणारा चढउतार म्हणजे १ वजा ०.८५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: जवळजवळ ०.५३. म्हणजे निम्म्याहून जास्त हेलकावे तसेच राहतात. −०.९५ असला तरी ३१ टक्के उरतात. बाहेरच्या एखाद्या सहसंबंध-तक्त्यात लाल रंगाचा चौकोन दिसला की निर्धास्त होणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी करावा.

लॉटचं (जोडीतल्या पहिल्या चलनाची १,००,००० एककं म्हणजे १ लॉट) गणितही प्लॅटफॉर्म करून देत नाही. युरो/डॉलर १.०८ वर असताना १ लॉट म्हणजे १,०८,००० डॉलर, तर डॉलर/फ्रँकचा १ लॉट म्हणजे १,००,००० डॉलर. मूल्य जुळवायला १.०८ लॉट लागतात. मग स्लोप फंक्शनमध्ये युरो/डॉलरचे बदल वाय आणि डॉलर/फ्रँकचे एक्स धरून उतार काढा. तो −०.८५ आला तर १.०८ × ०.८५, म्हणजे ०.९२ लॉट. दोन्हीकडे सरसकट १ लॉट टाकणं ही इथली सगळ्यात सामान्य चूक.

या प्लॅटफॉर्मची खरी ताकद आहे कस्टम सिम्बॉल, म्हणजे आपण स्वतः बनवलेली जोडी. त्यात सूत्र भरून युरो/डॉलर गुणिले डॉलर/फ्रँक असा चार्ट बनवता येतो, आणि तो बघताच कळतं की डॉलर कापला जाऊन हातात युरो/फ्रँकची खरेदी उरली आहे. जोखीम संपली नाही, तिने चलन बदललं. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने (स्वित्झर्लंडची मध्यवर्ती बँक) एका युरोला किमान १.२० फ्रँक हा राखलेला तळ सोडला, तेव्हा डॉलर/फ्रँक कोसळला आणि युरो/डॉलरही खाली आला. दोन्ही खरेद्या एकाच वेळी तोट्यात. त्यामुळे दोन्ही बाजू समान ठेवायच्या असतील तर सरळ युरो/फ्रँकच घ्यावं, स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक) एकदाच पडतो. फक्त जोखीम घटवायची असेल तर मूळ लॉट अर्धा करणं स्वस्त आणि खात्रीचं. एखाद्या मोठ्या आर्थिक घोषणेपुरती पोझिशन (उघडा सौदा) जपायची असेल, तेवढ्यापुरताच हा हेज पटतो.

मार्जिनची (सौद्यासाठी अडकवून ठेवलेली रक्कम) सवलतही मिळत नाही. हेज्ड मार्जिन एकाच सिम्बॉलच्या उलट पोझिशन्सना लागू होतं. दोन वेगळ्या जोड्यांना दोन्हींचं पूर्ण मार्जिन अडकतं. स्वॅप (सौदा रात्रभर उघडा ठेवल्याचं व्याज) दोन्हींवर रोज लागतो. सहसा एकीवर भरता, दुसरीवर मिळतो, पण ब्रोकरची कपात दोन्हीकडे असते. साधारणपणे बुधवारी तो तिप्पट होतो, म्हणून मंगळवारीच हिशेब बघून ठेवा.

बाहेर पडताना जास्त सावध राहा. क्लोज बाय (दोन उलट पोझिशन्स एकमेकींनी बंद करणं) ही सोय एकाच सिम्बॉलवर चालते, त्यामुळे इथे दोन ऑर्डर वेगवेगळ्या बंद कराव्या लागतात. एका बाजूचा स्टॉपलॉस (ठरावीक तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर) लागला तर दुसरी उघडी पडते आणि प्लॅटफॉर्म तिला हात लावत नाही. स्टॉपलॉस दोन्हींच्या एकत्रित तोट्यावर हवा असेल तर त्यासाठी एक्स्पर्ट ॲडव्हायझर, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम, लिहावा लागतो. तो नसेल तर न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजताच्या रोलओव्हरआधीच (सौद्यांचा दिवस बदलण्याआधी) दोन्ही बाजू बंद करा, कारण त्या वेळी स्प्रेड फुगतो आणि स्टॉपलॉस भाव न हलताही लागू शकतो.