एसीचा कॉम्प्रेसर थांबेना म्हणून १०,९७४ रुपये उकळले, दोष निघाला २२० रुपयांच्या सेन्सरमध्ये

बिल असं: भेट ३५०, गॅस ३,५००, पीसीबी (एसीचं कंट्रोल बोर्ड) ४,६५०, सर्व्हिस ८००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून १,६७४. एकूण १०,९७४ रुपये. परभणीत, ऐन मे महिन्यात, दीड टनाच्या साध्या स्प्लिट एसीसाठी. इन्व्हर्टर नव्हे. तक्रार एकच होती: २४ वर लावलं तरी आऊटडोअर (बाहेरचं युनिट) थांबत नाही, पहाटे खोली १९ पर्यंत उतरते आणि कॉम्प्रेसर कटऑफ घेतच नाही, म्हणजे खोली गार झाली तरी आपोआप थांबत नाही. पुढे माहितगार मिस्त्रीकडून तपासून घेतलं तेव्हा खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला निघाला. सेन्सर २२० रुपये, मजुरी ३००.

नेटवर कंपनीचं नाव टाकल्यावर वर येणारा नंबर, गणवेश, खिशावरचा लोगो, "काका, आम्ही ऑथराइज्ड" हे सगळं आता घरोघरी माहीत आहे. तरी पैसे जातात, कारण कंपनीच्या नावानं येणारे हे तोतये दोन वेगळ्या आजारांची गल्लत करतात. एसी गार करत नाही हा एक आजार, एसी गार करून थांबत नाही हा दुसरा. गॅस कमी असेल तर खोली १९ पर्यंत जाईलच कशी? गॅस संपत आला की हवा कोमट येते, बारीक पाइपवर किंवा कॉइलच्या एका कोपऱ्यात बर्फ धरतो, पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटाशी तेलकट डाग दिसतो. यातलं काहीही नव्हतं. तरीही "गॅस अर्धा झालाय" म्हणत दाब मोजायचं गेज लावलं, सिलिंडर जोडला आणि ३,५०० लिहिले. भरलेला गॅस मोजायचा वजनकाटा आणलाच नव्हता.

आणि खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. "बोर्ड गेलंय, रिले चिकटलाय, म्हणून कटऑफ होत नाही," असं सांगताना त्याच माणसानं रिमोटनं एसी बंद केला आणि आऊटडोअर त्याच क्षणी थांबलं. सगळ्यांसमोर थांबलं! रिले म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच. तो खरंच चिकटला असता तर रिमोट बंद केल्यावरही कॉम्प्रेसर घुमत राहिला असता. बंद म्हणताच थांबला, याचा अर्थ रिले सुटतोय, बोर्ड हुकूम पाळतंय, फक्त त्याला "खोली गार झाली" हा निरोप पोचत नाहीये. ४,६५० रुपयांचं खोटं तिथेच, त्या दोन सेकंदांत उघडं पडलं होतं. पण बाहेर पारा बेचाळीसच्या वर, घरात म्हातारं माणूस, लाईटबिल वाढत चाललेलं. अशा वेळी समोरचा छातीठोकपणे बोलत असेल तर कोणतंही घर पैसे देऊन मोकळं होतं. हे लोक नेमका तोच मोसम साधतात.

बोर्ड "बदलल्यावर"ही कॉम्प्रेसर थांबेना, तेव्हा उत्तर मिळालं, "रात्रभर चालू द्या, गॅस सेट होतो." गॅस सेट होत नसतो. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत दाब स्थिरावतो, त्यापुढे रात्रभर थांबून काही बदलत नाही. जुनं बोर्ड तो घेऊन गेला. बदललं होतं की पुसून तेच बसवलं, याचा पुरावा त्याच्याबरोबरच गेला. जुना पार्ट घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, त्यावर खूण करून ठेवायची.

सेन्सर तपासायला काही मोठी विद्या लागत नाही. आधी एमसीबी पाडून एसीची वीज तोडा. इनडोअरचं पुढचं झाकण आणि जाळी काढली की कॉइलच्या पुढे क्लिपमध्ये एक छोटा काळा थेंब दिसतो, तो खोलीचा सेन्सर. तांब्याच्या पाइपला नळीत खोचलेला दुसरा, तो कॉइलचा. खोलीचा सेन्सर क्लिपमधून निसटून जाळीमागच्या हवेबाहेर गेला असेल तर परत क्लिपमध्ये बसवा, काही वेळा एवढ्यावरच काम भागतं. जागेवर असेल तर बोर्डावरचा त्याचा सॉकेट काढून मल्टिमीटर २० के ओहमवर लावा. दहा किलोओहमचा सेन्सर २५ अंशाला १० दाखवतो, ३० ला सुमारे ८, ३५ ला साडेसहा. ऊब वाढली की आकडा घटतो. मुठीत धरला तर आकडा हळूहळू उतरायला हवा. या एसीचा सेन्सर २७ अंशाच्या खोलीत ५.३ दाखवत होता. म्हणजे बोर्डाच्या लेखी खोली चाळीस अंशांची होती, मग ते कॉम्प्रेसर थांबवणार कशाला? सेन्सरमध्ये ओल शिरली की असं होतं.

कुणाला बोलवण्याआधी रिमोटही बघा. काहींवर "आय फील" किंवा "फॉलो मी" असं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं की तापमान रिमोट जिथे आहे तिथलं मोजलं जातं. रिमोट उन्हाच्या खिडकीत पडला असेल तर एसी दिवसभर थांबणार नाही. इनडोअरचा पंखा कटऑफनंतरही फिरतच राहतो, तेव्हा कान आऊटडोअरकडे द्या. आणि इन्व्हर्टर एसी असेल तर कॉम्प्रेसर सहसा थांबत नाही, मंदावतो. तो दोषच नाही.

दुपारी वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली थांबत नसेल आणि खोली सत्तावीस-अठ्ठावीसवर अडकत असेल तर गोष्ट वेगळी. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन ठीक आहे, उष्णता जास्त आहे. आपल्याकडच्या धुळीत जाळी दर पंधरवड्याला धुवावीच लागते. आऊटडोअरची कॉइल बुजली असेल तर बादलीभर पाण्यात काम होतं. टँकरच्या दिवसांत "जेट सर्व्हिस"चे ८०० कशाला?

आता ज्यांनी ऐकून घ्यायचं त्यांच्याबद्दल. कंपनीचं खरं कस्टमर केअर म्हणतं, तो आमचा माणूस नाही. आमच्या नावाचा नंबर नेटवर कोण चालवतं याचं उत्तर नाही. पोलीस ठाण्यात म्हणतात, काम केलंय ना, पैसे तुम्हीच दिलेत ना, हे दिवाणी आहे. काय म्हणून दिवाणी? न बिघडलेल्या पार्टचे पैसे खोटं बोलून घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसते. बिलावर जीएसटी नंबर नाही, तरी १,६७४ रुपये कर म्हणून घेतले. नोंदणी नसताना कर गोळा करायला कायद्यानं बंदी आहे. हे सांगितलं तर दुसऱ्या खात्याकडे बोट. प्रत्येक टेबलावर एकच सवाल, "एवढ्याशा रकमेसाठी?" दहा हजार नऊशे चौऱ्याहत्तर ही एवढीशी रक्कम नाही. एकेका घरातून एवढीशी घेऊनच यांचे धंदे चालतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, सेवेच्या तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल न देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून बिल मागाच. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून घ्या, नेटवरून नाही. गॅस खरंच भरायचा झाला तर आधी गळती दाखव म्हणा, मग व्हॅक्यूम (पाइपातली हवा ओढून काढणं), मग आऊटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका, काट्यावर मोजून. आणि सेन्सर विकत घेताना जुना सोबत न्या किंवा बोर्डाच्या मॉडेलवरून किती किलोओहमचा लागतो ते विचारा, ५, १०, १५, २० किलोओहम असे प्रकार मिळतात. दहाच्या जागी पाचचा बसवला तर बोर्डाला पुन्हा खोली तापलेलीच दिसेल आणि कॉम्प्रेसर पुन्हा थांबणार नाही.