स्कॉलरशिप की मेंटॉर?
सरकारी शाळेतल्या हुशार पोरांना कॉलेजला पाठवायचं म्हटलं की सगळे आधी स्कॉलरशिपचंच बोलतात, आणि पैसा लागतोच हो, फी हॉस्टेल पुस्तकं कुठून येणार. पण तो मिळतो बहुतेक वेळा ॲडमिशन झाल्यावर! त्याआधी कुठलं कॉलेज झेपेल, फॉर्मची लास्ट डेट कधी, अकरावीला मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंगच्या बहुतेक ब्रँचेसचं नाव काढता येणार नाही, हे घरात कोणी कॉलेज बघितलंच नसेल तर सांगणार कोण? काही पोरं तर ॲडमिशन मिळूनही कॉलेज सुरू व्हायच्या आधीच गळतात, एखादा कागद राहिला म्हणून. तिथे मेंटॉरच लागतो, म्हणजे सोबत राहून वाट दाखवणारा कोणीतरी, आठवी-नववीपासून. मात्र एकाच्या गळ्यात पन्नास पोरं मारली की तो नुसते रिमाइंडर पाठवतो (तेही ग्रुपवर). एकच निवडायचं तर मी मेंटॉर घेईन.