१९९१ च्या माझदा एमएक्स-५ साठी ऑइल आणि स्पार्क प्लग : नाशिकमधील दीड वर्षाचा अनुभव

माझी माझदा एमएक्स-५ ही १९९१ सालची, हिरोशिमात तयार झालेली, १५९७ सीसी इंजिनाची, दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आहे. पहिल्या मालकांनी ती परदेशातून परत येताना सोबत आणली होती आणि त्यांच्याकडून ती माझ्याकडे आली. माझदाने आपल्याकडे प्रवासी गाड्या कधी विकल्या नाहीत, त्यामुळे कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही आणि ऑइल कोणते घालावे, प्लग कोणते बसवावेत, हे मालकानेच अभ्यास करून ठरवावे लागते. गेल्या दीड वर्षात सुमारे साडेसात हजार किलोमीटर मी शेल हेलिक्स एचएक्स७ १०डब्ल्यू-४० हे ऑइल आणि एनजीकेचे बीकेआर६ई-११ हे प्लग वापरले. त्या दोहोंविषयी आणि ते जिथून घेतले त्या नाशिकच्या द्वारका परिसरातील दुकानाविषयी हे परीक्षण आहे.

गाडी ताब्यात आली तेव्हा इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल होते. जुन्या गाडीला जाड ऑइल घालावे, म्हणजे इंजिनाचा आवाज कमी होतो आणि ऑइल जळत नाही, हा समज आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये खोलवर रुजलेला आहे, आणि ज्या इंजिनांवर आपले मिस्त्री शिकले त्यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही होता. या गाडीत मात्र त्याचा उलटा परिणाम दिसला. जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा सकाळी गाडी सुरू केली की पाच-सात मिनिटे टॅपेट वाजत राहायचे. कारण या १.६ लिटरच्या इंजिनात साधे टॅपेट नाहीत, हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील फट लिफ्टरच्या पोटात साठलेल्या ऑइलच्या दाबाने आपोआप भरली जाते. त्या लिफ्टरमधील छिद्रे अतिशय बारीक असतात. ऑइल जाड असले किंवा मळले असले की ते पोट वेळेवर भरत नाही, आत हवा राहते आणि टकटक सुरू होते. जाड ऑइलने आवाज दाबण्याचा प्रयत्न म्हणूनच इथे फसतो.

ग्रेडच्या आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी असतो; १०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २५ अंशांना आणि २०डब्ल्यू ऑइलची उणे १५ अंशांना घेतली जाते. नाशिकमध्ये तशी थंडी कधीच पडत नाही, म्हणून हा आकडा आपल्याला निरर्थक आहे असे अनेक जण म्हणतात. ते पूर्ण बरोबर नाही, कारण दहा अंशांनाही २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-४० पेक्षा स्पष्टपणे जड वाहते आणि इंजिनाची झीज मुख्यतः सुरुवातीच्या त्या थोड्या वेळातच होते. नंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहते हे सांगतो : ३० ग्रेडसाठी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टता मोजण्याचे एकक), ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून थेट ५० वर जाणे ही किरकोळ तडजोड नसून ऑइलची घट्टता दीडपटीहून अधिक वाढवणे आहे.

पुस्तिकेत या इंजिनासाठी १०डब्ल्यू-३० हा मुख्य ग्रेड दिलेला आहे. तो सोडून मी एक पायरी वर गेलो, त्याला दोन कारणे होती. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचे तापमान चाळिशीच्या पुढे जाते आणि मी ही गाडी वणीवरून सापुताऱ्याच्या घाटात पाच-सहा हजार आरपीएमवर चालवतो. तिथे ऑइलला काही काळ उसंत मिळत नाही. दुसरे कारण इंजिनाचे वय, कारण तीस वर्षांहून अधिक झिजलेल्या बेअरिंगमध्ये थोडी जास्तीची फट असणारच. शिवाय १५० अंशांना आणि प्रचंड घर्षणात ऑइलचा थर किती टिकतो याचे किमान प्रमाण ३० ग्रेडसाठी २.९ आणि १०डब्ल्यू-४० साठी ३.५ आहे. घाटात चालणाऱ्या इंजिनाला हा फरक उपयोगी पडतो.

आणखी एक मुद्दा जस्ताचा आहे. कॅम आणि लिफ्टर एकमेकांवर घासतात, तिथे जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग धातूचे रक्षण करते. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होतो म्हणून ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसएम दर्जापासून, म्हणजे २००४ पासून, २० आणि ३० ग्रेडच्या ऑइलमध्ये त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणण्यात आली. ४० ग्रेडला ती मर्यादा लागू नाही. माझी गाडी बनली तेव्हा एसजी हा दर्जा चालू होता आणि पेट्रोल इंजिनांच्या बाबतीत नंतरचा दर्जा आधीच्यांची जागा घेतो, म्हणून बाटलीवर एसएन किंवा त्यापुढचा दर्जा असला की शंका घेण्याचे कारण उरत नाही. ‘जुन्या गाडीला जुन्या दर्जाचे ऑइल’ ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे; तिला आधार नाही.

प्रत्यक्ष अनुभव असा. पहिल्या बदलानंतर टकटक लगेच थांबली नाही. लिफ्टरमध्ये साचलेला मळ धुऊन निघायला वेळ लागतो, म्हणून पहिले ऑइल मी दीड हजार किलोमीटरवरच काढून टाकले आणि ते अपेक्षेप्रमाणे काळेकुट्ट निघाले. दुसऱ्या बदलानंतर आवाज थंड सकाळी दहा-पंधरा सेकंदांवर आला आणि गेल्या हिवाळ्यात तो त्याहून वाढला नाही. १९९४ पर्यंतच्या या गाड्यांना ऑइलचा दाब खरोखर मोजणारा काटा आहे, नंतरच्या गाड्यांत तो केवळ दिव्यासारखे काम करतो. माझ्या गाडीत तो काटा इंजिन पूर्ण तापल्यावर मोकळ्या गतीत (आयडलिंगला) पूर्वीपेक्षा थोडा खाली राहतो, पण वेग घेताच तत्परतेने वर जातो. काटा सदैव वरच राहावा म्हणून जाड ऑइल घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की दाब अधिक म्हणजे प्रवाह अधिक असे नसते. पाच हजार किलोमीटरमध्ये सुमारे पाव लिटर ऑइल कमी होते. या वयाच्या इंजिनाला ते मी प्रमाणात मानतो. हे ऑइल पूर्ण सिंथेटिक नाही, आणि ज्यांची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर जाते त्यांनी त्यावर थांबू नये. मला मात्र दर सहा महिन्यांनी न चुकता बदलता येईल अशा किमतीचे ऑइल हवे होते. इंजिनात साधारण साडेतीन लिटर बसते. लिटरच्या चार बाटल्या दोन हजार रुपयांच्या आसपास मिळाल्या आणि उरलेले वर भरायला कामी आले.

फिल्टरकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. या गाडीचा फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली आडवा बसतो आणि तिथे हात जेमतेम पोहोचतो. आडवा असल्यामुळे गाडी उभी असताना त्यातील ऑइल परत गळून जाऊ नये यासाठी आतली रबरी झडप चांगली असणे आवश्यक आहे. एकदा मी एका दुकानातून स्वस्त फिल्टर आणला आणि आठवडाभरात सकाळची टकटक परतली. फिल्टर बदलताच ती गेली. दोष ऑइलला देण्याआधी फिल्टर पाहावा. नाशिकच्या दुकानांत नुसते ‘माझदा’ म्हटले की काउंटरवर स्वराज माझदाच्या ट्रकचा फिल्टर येतो, तेव्हा सोबत जुना फिल्टर घेऊन जाणे आणि वायसरचा व्यास व आटे दोन्ही ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

आता प्लग. बीकेआर६ई-११ या नावातील प्रत्येक अक्षराला अर्थ आहे : ‘बीके’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ मिलिमीटरचा पाना, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, ‘११’ म्हणजे ठिणगीच्या दोन टोकांमधला १.१ मिलिमीटरचा गॅप, आणि मधला ६ म्हणजे प्लगची उष्णताश्रेणी. या इंजिनासाठी ५ आणि ६ हे दोन्ही आकडे मान्य आहेत. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे तो टोकाची उष्णता लवकर हेडकडे सोडतो. बॉशमध्ये हे नेमके उलटे असते. नाशिकमध्ये याचा गोंधळ अधिक होतो, कारण सातपूरच्या कारखान्यामुळे आणि मायको सर्कलमुळे मायको हे बॉशच्या इथल्या कंपनीचे जुने नाव इथल्या प्रत्येक मिस्त्रीच्या ओठांवर आहे, आणि त्यांचे हात बॉशच्याच क्रमांकांवर बसलेले आहेत. डब्ल्यू८ हा डब्ल्यू५ पेक्षा गरम असतो हे पाठ असलेला माणूस एनजीकेचा ६ पाहून तो ५ पेक्षा गरम आहे असे समजतो. मला एका अनुभवी मिस्त्रींनी उन्हाळ्यासाठी थंड प्लग म्हणून अगदी मनापासून ५ सुचवला होता.

प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांच्या वर गेले की त्यावरची काजळी आपोआप जळते, आणि ८०० च्या वर जाऊ लागले की ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका सुरू होतो. केवळ कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर फिरणाऱ्या गाडीला ५ योग्य ठरेल. माझी गाडी घाट चढते आणि तिला नॉक सेन्सर नाही, म्हणजे इंजिन ठोके देऊ लागले तरी ते स्वतःला सावरू शकत नाही. म्हणून मी ६ निवडला. आठवड्यातून एकदा त्र्यंबकेश्वरपर्यंत मोकळी चाल दिली की काजळी राहत नाही.

इरिडियम प्लगांविषयी मला बरेच विचारले जाते. त्यांचे मधले टोक फारच बारीक, ०.६ किंवा ०.४ मिलिमीटरचे असते आणि त्यांना ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते, हे खरे. परंतु या गाडीत एक कॉइल दोन प्लगांना एकाच वेळी ठिणगी देते, पहिल्या-चौथ्याला मिळून एक आणि दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून एक. त्यामुळे जोडीतील एका प्लगमध्ये वीज उलट्या दिशेने वाहते आणि तिथे मधल्या टोकापेक्षा बाहेरचा वाकडा पाय अधिक झिजतो. ज्या इरिडियम प्लगचा तो पाय साध्या निकेलचा आहे, त्याचे दीर्घायुष्य इथे अर्धेमुर्धेच मिळते. दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेला प्लग घेतला तरच तो खर्च सार्थकी लागतो. मला चार साधे प्लग हजार रुपयांच्या आत मिळाले. गॅरेजमध्ये यांना ‘तांब्याचे प्लग’ म्हणतात, पण तांबे आतल्या गाभ्यात असते, टोक निकेलच्या मिश्रधातूचेच असते.

सात हजार किलोमीटरनंतर काढले तेव्हा चारही प्लगांचे टोक फिकट तपकिरी होते. तिसऱ्याच्या आट्यांवर ओले ऑइल दिसले, ते मात्र आतून आलेले नव्हते. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून पाझरून प्लगच्या विहिरीत साचले होते. सिलिंडरच्या आत ऑइल जळत असते तर टोकच काळे व तेलकट झाले असते. हा फरक न पाहता पिस्टनच्या रिंग बदलण्याचा सल्ला देणारे भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिले. तसेच पाचव्या गिअरमध्ये चढावर गाडी हिसके देऊ लागली तर आधी प्लगच्या वायरी तपासाव्यात. माझ्या बाबतीत दोष त्यांचाच होता. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण किंचित पातळ होते आणि टोक पूर्वीपेक्षा फिकट दिसते, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील रंगांशी तंतोतंत तुलना करू नये. बसवताना इंजिन थंड असावे, हेड ॲल्युमिनियमचे असल्याने १५ ते २२ न्यूटन-मीटरपेक्षा अधिक जोर लावू नये आणि गॅप फीलर गेजने मोजून घ्यावा. माझ्या चारपैकी एकाचा १.० निघाला होता.

द्वारका परिसरातील त्या दुकानाचे काका प्लगची पेटी ग्राहकासमोर उघडतात, छपाई आणि आटे पाहू देतात, पक्के बिल देतात आणि क्रमांक जुळत नसेल तर ‘हा चालून जाईल’ असे म्हणत नाहीत. नकली प्लगांचे प्रमाण पाहता मला हे सर्वांत मोलाचे वाटते. मागवलेला माल यायला मात्र चार-पाच दिवस लागतात आणि दुपारी दुकान बंद असते. ऑइलला मी पाचपैकी चार, प्लगांना साडेचार आणि दुकानाला चार गुण देतो. पुढच्या बदलाच्या वेळी ऑइल व प्लग हेच राहतील. गॅस्केट आणि वायरींचा नवा संच काकांकडे आताच नोंदवून ठेवला आहे.